ज्याचं कुलूप, त्याची चावी

मुंगीच्या बापाला एका जागी बसवत नाही, हे अख्ख्या खानदानाला माहीत आहे. पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आला, असं त्याची थोरली बहीण, म्हणजे मुंगीची आत्या, येईल-जाईल त्याला सांगते. जेवताना हा माणूस दोनदा उठणार. एकदा पंखा का कुरकुरतोय ते बघायला आणि एकदा उगाचच. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा हलला, म्हणून नवरीचं तोंड स्वच्छ आणि नवऱ्याचं पुसट. धंदाही मिळाला तो साजेसाच, लिफ्ट दुरुस्तीचा. दिवसभर वर-खाली, खाली-वर. आणि अशा माणसाला त्या दिवशी सकाळी दहापासून हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून ठेवलं होतं. शिक्षाच की हो!

कारण मात्र मस्करीचं नव्हतं. मुंगीच्या हृदयाला भोक होतं. मुंगी म्हणजे त्याची एकुलती एक लेक. वय साडेपाच, वजन तीन वर्षांच्या पोराएवढं, म्हणून मुंगी. हृदयाच्या दोन कप्प्यांमध्ये जो पडदा असतो, त्यालाच जन्मापासून भोक. दहा पायऱ्या चढली की धाप लागायची, दूध प्यायला बसली तरी घाम फुटायचा. उद्या सकाळी आठला छाती उघडून ते भोक बुजवायचं होतं. मागच्या महिन्यात एकदा तारीख हुकली होती. ऐन आदल्या दिवशी पोरीला सर्दी झाली आणि डॉक्टरांनी परत पाठवलं. तेव्हापासून घरात कुणी शिंकलं तरी सगळ्यांचं धाबं दणाणायचं. या वेळी डॉक्टरांनी बजावलं होतं की आता आणखी लांबवून चालणार नाही, फुप्फुसांवर ताण यायला लागलाय.

घरचे सगळे असे अर्धे झालेले, आणि मुंगी? मुंगी मजेत. रक्त काढायला आलेल्या माणसाला तिने स्वतःहून हात पुढे केला. दात तपासणाऱ्याने आ कर म्हटलं, तर पडजीभ दिसेपर्यंत आ केला. उद्या काय आहे म्हणून नर्सने विचारलं, तर शाळेची सहल असल्यासारखी म्हणाली, "माझं ऑपरेशन आहे." आत्याने डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, "वाघीण आहे गं आमची!" बापाचीही छाती फुगली. उगाच का, पोर कुणाची आहे!

ही छाती साडेअकराच्या सुमाराला फुस्स झाली.

या हॉस्पिटलात लहान मुलांना ऑपरेशनआधी समजावून सांगायला एक बाई होती. हातात कायम एक कापडी बाहुली, म्हणून मुलं तिला बाहुलीबाई म्हणायची. बाहुलीच्या छातीवर टिचबटणं. ती उघडली की आत लाल कापडाचं हृदय, हृदयाला भोक, आणि शेजारी एक छोटं ठिगळ. मुंगी मांडी घालून बसली. आई-बाप आणि आत्या पलंगाच्या कडेने उभे. बाहुलीबाईने बाहुलीच्या नाकावर मास्क ठेवला आणि म्हणाली, "यातून वास येईल. थोडा घाण असतो, खोटं नाही सांगत. मग गाढ झोप लागेल. मग छातीवर हे असं उघडायचं, आणि ठिगळ लावायचं. हे काम कोण करणार, माहितीये?"

"हो," मुंगी म्हणाली. "बाबा."

सगळे हसले. बाहुलीबाई हसली नाही. तिने विचारलं, "बाबा? कसे?"

"पान्याने," मुंगी म्हणाली. बाहुलीबाईला एवढंही कळत नाही याचं तिला नवलच वाटलं असावं. "बाबा लिफ्ट करतो ना दुरुस्त? तसंच. तो म्हणाला, घाबरू नको, मी आहे ना, आपण करू दुरुस्त, तुला कळणारपण नाही." आणि तिने बाहुलीबाईच्या हातातली बाहुली काढून घेतली आणि बापापुढे धरली. "दाखव रे बाबा, तू उद्या कसं करणार ते."

आता हसायचं कुणाला सुचणार? बापाच्या हातात बाहुली, छाती उघडी, हृदय लोंबतंय. हे वाक्य तो बोलला होता खरा. दोन महिन्यांपूर्वी, पोर पहिल्यांदा ‘ऑपरेशन’ ऐकून रडायला लागली तेव्हा. उचलली जीभ, लावली टाळ्याला! गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगून मोकळा झाला होता, ‘काळजी नको, आपण करू दुरुस्त.’ पोरीने ते शब्दशः घेतलं होतं. आपला बाप सगळ्या इमारतींच्या लिफ्टा चालू करतो, तोच आपलं हृदयही उघडणार, मग भ्यायचं कशाला, असा तिचा सरळ हिशेब होता.

बाहुलीबाईने त्याला व्हरांड्यात बोलावून घेतलं. "संध्याकाळच्या आत तिला खरं सांगा," ती म्हणाली. "मी नाही सांगणार. तुम्हीच सांगायचं."

"पण ती शांत आहे ना आत्ता," बाप म्हणाला. त्याचा हात नकळत व्हरांड्याच्या खिडकीचा ढिला स्क्रू पिळत होता.

"उद्या दारापाशी तिला दिसेल की तुम्ही बाहेर राहिलात आणि आत सगळे अनोळखी आहेत. तिथे काय करेल ती? आणि जागी झाली की नळ्या असतील, दुखत असेल. खोक, खोल श्वास घे, उठून बस, हे सगळं तिने तुमच्या शब्दावर करायचंय. तेव्हा तुमच्या शब्दाला किंमत नको का?" एवढं बोलून बाहुलीबाई गेली. तिला आणखी चार पोरांना समजवायचं होतं.

बाप परत आला तर इथे दोन पार्ट्या झालेल्या. आत्या म्हणाली, "अजिबात सांगायचं नाही! लेकरू हसत जातंय तर हसत जाऊ दे. सांगशील, रडेल, ताप चढेल, आणि बसू परत महिनाभर. झाकली मूठ सव्वा लाखाची." मुंगीच्या आईने एकदाच नवऱ्याकडे बघितलं. ती औषधांच्या दुकानात कामाला. चुकीची बाटली दिली तर काय होतं हे तिला पक्कं ठाऊक, त्यामुळे ती कमी बोलते आणि मोजकं बोलते. म्हणाली, "घोळ तुम्ही घातलात, तुम्हीच निस्तरा. पण निस्तरा."

मग काय, सुरू झाली चुळबुळ. सांगतो, सांगतो म्हणत त्याने आधी मुंगीच्या पलंगाचं डुगडुगणारं चाक आवळलं. मग संडासाच्या दाराची बिजागरी. मग नळ ठिबकत होता, तो उघडून ठेवला आणि वॉशर नाही म्हणून तसाच राहिला. पाण्याची धार लागली. नर्स कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कोणी उघडला हा?" कुणी सांगायची गरजच नव्हती, त्याच्या हातात पाना होता. "तुम्ही पेशंटचे वडील आहात की प्लंबर?" त्यावर शेजारच्या पलंगावरच्या पोराचे आजोबा खो खो हसले. हसोत. पण दर वेळी तो पलंगाजवळ यायचा, मुंगी बाहुलीला निजवून म्हणायची, "बाबा, पाना धुतलास ना? बाहुलीबाई म्हणाली, सगळं स्वच्छ लागतं." आणि हा परत व्हरांड्यात पळायचा. लिफ्टच्या पोकळीत चौदाव्या मजल्यावरून खाली वाकून बघणारा माणूस साडेपाच वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांत बघायला घाबरत होता. भ्याला होता तो, सरळ सांगायचं तर.

चार वाजता नर्सने एक कागद आणि चाकाची खुर्ची दिली. छातीचा एक्स-रे राहिला होता, तळघरात जायचं होतं. बाप मुंगीला खुर्चीत बसवून लिफ्टमध्ये शिरला. दोघंच. दार मिटलं, लिफ्ट हलली, आणि सवयीने त्याने मान तिरकी करून आवाज ऐकला.

"बाबा, ही तू केलीयेस?"

"नाही. ही दुसऱ्या मेस्त्रीने."

"मग आपण हिच्यात बसलो कसे?"

"बसलो म्हणजे? त्यालाही येतं की काम. सगळ्या लिफ्टा मीच करतो की काय? मी एकटा किती करणार?"

"तुझ्याएवढं येतं?"

आता नाही तर कधीच नाही, हे बापाला कळलं. त्याने खुर्चीसमोर उकिडवं बसून तिचे दोन्ही हात धरले. "मुंगे, ऐक. मला फक्त लिफ्ट येते. हृदय नाही येत. उद्याचं काम मोठ्या डॉक्टरबाई करणार. त्यांना येतं, त्यांनी खूप जणांची केलीत. मी आत नसणार. मला आत येऊच देणार नाहीत. मी तेव्हा जे बोललो ना, ते चुकीचं बोललो. तू रडत होतीस, मला सहन होईना, म्हणून काहीतरी बोलून गेलो."

लिफ्ट तळघरात थांबली. दार उघडलं. दोघंही बाहेर पडले नाहीत. दार परत मिटायला लागलं, तेव्हा त्याने पाय घातला.

मुंगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, निदान उचलून तरी घेता आलं असतं. तिने आपले हात सोडवून घेतले आणि म्हणाली, "तू थापाड्या आहेस."

त्यानंतर बोलायचं नावच नाही. एक्स-रेवाल्याने श्वास रोखून धर म्हटलं, तिने धरला. सोड म्हटलं, सोडला. बापाकडे ढुंकूनही बघितलं नाही. वर आल्यावर भिंतीकडे तोंड करून निजली. आत्या सगळं ओळखून म्हणाली, "घातलास ना घाव? आता बघ ताप येतो की नाही ते." नर्सने थर्मामीटर लावला तेव्हा तिघांचाही जीव टांगणीला लागला होता. नर्सने नुसतं "ठीक" म्हटलं. आत्याने ते दोनदा म्हणवून घेतलं.

सहा वाजता मोठ्या डॉक्टरबाई फेरीला आल्या. ठेंगण्या, पन्नाशीच्या, आवाज असा की भाजी निवडताना गप्पा माराव्यात. त्यांनी एक्स-रे बघितला, छातीला नळी लावून ऐकलं, आई-बापाला उद्याचं सांगितलं. काम चार-पाच तासांचं. मधला बराच वेळ हृदय थांबवून ठेवायचं, तेवढ्यापुरतं एक यंत्र रक्त फिरवणार. धोका थोडा, पण आहे. सही कुठे करायची तेही दाखवलं. बापाने उभ्या-उभ्या सही केली, अक्षर वेडंवाकडं आलं. मग बाई निघाल्या, तर पलंगावरून आवाज आला.

"कुलूप कोण लावणार?"

मुंगी उठून बसली होती. बाई वळल्या. "कसलं कुलूप गं?"

मुंगीने बापाकडे बोट केलं, पण बघितलं नाही. "तो सांगेल. त्याला माहितीये."

बापाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण सांगावं तर लागलंच. "त्याचं असं आहे डॉक्टर, आमच्या कामात एक शिस्त असते. लिफ्टच्या पोकळीत उतरायच्या आधी मेन स्विच बंद करायचा आणि त्याला आपलं कुलूप घालायचं. चावी आपल्या खिशात. काम करणारा बाहेर येऊन स्वतः कुलूप काढत नाही, तोवर लिफ्ट कुणी म्हणजे कुणीच चालू करायची नाही. मालक आला तरी नाही. ज्याचं कुलूप, त्याची चावी. आणि एक माणूस स्विचपाशी राखणीला. त्याने जागा सोडायची नाही. माझ्या उस्तादांच्या वेळी ही शिस्त नव्हती. खालून कुणीतरी उगाच ‘झालं, झालं!’ म्हणून ओरडला, दुसऱ्याने स्विच टाकला, आणि उस्तादांची दोन बोटं गेली. हिला एकदा सुट्टीच्या दिवशी कामावर नेलं होतं, तेव्हा सगळं दाखवलं होतं. तेच धरून बसलीये." मग ओशाळून म्हणाला, "लहान आहे हो."

आता या बाईंना मागे अजून दहा पेशंट होते. "बरं बरं, लावू हं कुलूप" म्हणून गालाला हात लावून त्या सहज जाऊ शकल्या असत्या. तशा गेल्या नाहीत. पलंगावर टेकल्या. "मुंगे, आमच्याकडेही शिस्त आहे. सुरू करायच्या आधी सगळे थांबतात, मी विचारते आणि सगळे उत्तरं देतात. संपताना सगळी हत्यारं मोजायची. मी म्हटल्याशिवाय कुणी काही चालू करत नाही. पण कुलूप मात्र नाही आमच्याकडे. तुझ्याकडे आहे?"

"बाबाच्या पिशवीत आहे. लाल."

"मग चावी मी ठेवते. आत नाही नेता येत, माझ्या कपाटात ठेवते. पण कुलूप लावायचं कशाला?"

मुंगीने विचार केला. तिचा विचार चालू असताना खालचा ओठ पुढे येतो. मग पहिल्यांदा तिने बापाकडे बघितलं, पण असं बघितलं की बापाला वाटलं, नसतं बघितलं तर बरं. "बाबाच्या पिशवीला," ती म्हणाली. "दाराबाहेर बाक आहे ना, त्या बाकाला पिशवी बांधा आणि कुलूप लावा. राखणीला तो बसणार. त्याला एका जागी बसवत नाही. तो उठून जातो."

आत्याच्या तोंडून फिस्कन हसू बाहेर पडलं. मुंगीची आईसुद्धा दुपारपासून पहिल्यांदाच हसली. डॉक्टरबाई गंभीरपणे म्हणाल्या, "पक्कं," आणि गेल्या.

सकाळी साडेसातला मुंगीला औषधी साबणाने आंघोळ घालून हिरवा झगा चढवला. उपाशी होती, पण भूक लागली म्हणून तिने कुरकुर केली नाही. कुरकुर केली ती आत्याने, तीही स्वतः काही न खाता. ट्रॉली ऑपरेशनच्या दाराशी थांबली. बाहुलीबाई बाहुलीला मास्क लावून शेजारी. मुंगीचा एक हात आईच्या हातात, दुसरा बापाने धरला तर तिने धरू दिला, एवढंच. दार उघडलं आणि डॉक्टरबाई खरोखरच बाहेर आल्या. डोक्याला टोपी, पायात रबरी चपला. "कुठाय कुलूप?"

बापाने पिशवीचा पट्टा बाकाच्या लोखंडी हातातून ओवला, पिशवीच्या चेनची दोन्ही टोकं पट्ट्याला भिडवली, आणि बाईंनी त्यातून लाल कुलूप घालून खट्कन दाबलं. चावी मुंगीला दाखवली. मुंगी तेवढ्यातच मान वर करून बापाला म्हणाली, "उठायचं नाही."

"नाही उठणार."

"थाप नको."

"थाप नाही गं माझे आई. नाही उठणार."

ट्रॉली आत गेली. दार दोन झडपांचं होतं, मिटल्यावरही जरा वेळ हलत राहिलं. मुंगीची आई त्या दाराकडे बघत उभी होती, ते थांबल्यावर ती रडली.

आणि मग हा माणूस बसला. पहिला अर्धा तास बरा गेला. मग त्याचा उजवा पाय नाचायला लागला. मग डावा. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पंचेचाळिसावर जरासा अडखळत होता. दोन मिनिटांचं काम, फक्त एक छोटा स्क्रूड्रायव्हर हवा, आणि स्क्रूड्रायव्हर कुलपाआड. पोरीने बरोब्बर ओळखलं होतं, बापाला नाही तर बापाच्या हत्यारांना बांधलं की बाप बांधला जातो. त्याने गुडघे चोळले, बोटं मोडली, मोडून झालेली परत मोडली. इथे माझं काय काम, मी काय राखतोय, असं त्याच्या मनात येई. आत हृदय थांबवलेलं असेल आत्ता. थांबवलेलं! आपण कितीदा लिफ्टा बंद केल्या आणि त्यातली एखादी परत चालूच झाली नाही, ते सगळे दिवस, सगळ्या इमारती त्याला आठवायला लागल्या. बायको शेजारी बसून पदराची एकच कड पुन्हा पुन्हा दुमडत होती. तिला काय सांगणार, की माझ्या हातूनसुद्धा काही लिफ्टा चालू झाल्या नाहीत?

आत्या चहा घेऊन आली. म्हणाली, "चल, खाली जाऊन दोन घास खाऊन घे, इथे बसून काय होणार?"

"बसलोय, ते बसू दे."

"अरे, ती काय बघायला येणारे?"

"ताई," तो म्हणाला, "कालपर्यंत मीही असंच म्हणालो असतो."

आत्याने चहा त्याच्या हातात दिला आणि गुपचूप पलीकडे बसली. आत्या गुपचूप बसली, ही त्या घराण्याच्या इतिहासातली पहिली वेळ असावी.

तिसऱ्या तासाला मात्र त्याचा नाइलाज झाला. माणसाचं शरीर आहे, चहा पोटात गेला की बाहेर यायचाच. दाबून दाबून किती दाबणार? शेवटी त्याने बायकोला आपल्या जागेवर बसवलं, तिचा हात पिशवीवर ठेवला. "मी येईपर्यंत उठायचं नाही."

"अहो, जा हो!"

तो धावत गेला आणि धावत आला.

बारा वाजून पन्नास मिनिटांनी दार उघडलं. एक तरुण डॉक्टर मान बाहेर काढून म्हणाला, "झालं. सगळं नीट झालं. आता वर अतिदक्षता विभागात नेतील, आतल्याच लिफ्टने. तुम्ही वर जाऊन थांबा." आत्याने त्याला कडकडून मिठीच मारायची बाकी ठेवली. मुंगीची आई जिन्याकडे पळाली, दोन पायऱ्या चढली आणि वळली. नवरा बाकावरच होता.

"अहो, चला ना!"

"तू हो पुढे."

"ऐकलं ना, झालं म्हणाले!"

"ऐकलं. झालं म्हणून कुणीही ओरडतं," तो म्हणाला. "चावी कुठाय?"

आत्या म्हणाली, "वेडा झालास का रे?" बायकोला उस्तादांची बोटं ठाऊक होती. तिने मान हलवली आणि वर गेली, एकाने वर असायला हवंच होतं.

आणखी पंचवीस मिनिटं गेली. त्या पंचवीस मिनिटांत हा माणूस अजिबात हलला नाही. पाय नाचला नाही, बोटं मोडली नाहीत. नुसता दाराकडे बघत बसला. त्याची थोरली बहीण सांगते, की आयुष्यात तिला त्याची खरी भीती वाटली ती तेव्हाच.

मग डॉक्टरबाई आल्या. गालांवर मुखपट्टीच्या दोऱ्यांचे वळ उठलेले. दारातूनच बोलायला लागल्या, "भोक पूर्ण बंद झालंय. हृदय स्वतःहून चालू झालं, धक्का द्यावा लागला नाही. पुढचे दोन दिवस नीट लक्ष ठेवायचंय, पण..." आणि थांबल्या. त्यांच्या लक्षात आलं, की हा माणूस आपल्या तोंडाकडे बघतच नाहीये. तो त्यांच्या हातांकडे बघतोय. आणि हात रिकामे होते.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "थांबा हं." आणि पाच तास उभं राहून दमलेली ती बाई परत आत गेली. रबरी चपलांचा आवाज लांब गेला, थांबला, आणि परत जवळ आला. त्या बाकापाशी वाकल्या, चावी लावली, आणि कुलूप उघडून त्याच्या तळहातावर ठेवलं. "घ्या. माझं काम झालं."

तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. त्याला उठून त्यांच्या पाया पडायचं होतं, निदान उभं राहून काही चार शब्द बोलायचे होते. पण उठताच येईना. लाल कुलूप मुठीत धरून तो बसल्या जागी हमसाहमशी रडायला लागला, आणि डॉक्टरबाई त्याच्या शेजारी जरा टेकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगीच्या घशातली नळी काढली. आत एका वेळी एकालाच सोडत होते. आई जाऊन आली, मग बाप गेला. पलंगात पोर दिसतच नव्हती इतक्या वायरी, छातीवर पांढरी पट्टी. ओठ मात्र कधी नव्हे इतके गुलाबी. तिने डोळे उघडले. घसा बसलेला, आवाज कुठून तरी खोलातून यावा तसा.

"उठला होतास?"

‘नाही’ म्हणायला काय जात होतं? कुणी बघितलं होतं? एवढीशी पोर, काल छाती उघडलेली, तिला ‘नाही’ म्हणून खूश केलं असतं तर देवसुद्धा रागावला नसता. तो शब्द अगदी जिभेवर आला होता.

"एकदा," बाप म्हणाला. "शू लागली होती."

मुंगीचा खालचा ओठ पुढे आला.

"तेव्हा कोण बसलं होतं?"

"आई. पिशवीवर हात ठेवून."

मुंगीने डोळे मिटले. मग चादरीखालून तिची बोटं सरपटत बाहेर आली आणि बापाच्या अंगठ्याला लागली. "चालेल," ती म्हणाली.

नर्स म्हणाली, आता तिला खोकायला सांगा, दुखेल पण सांगा. बापाने सांगितलं, "मुंगे, खोक. दुखेल."

मुंगी खोकली.